भिंतीवरच्या रॅकेटी

सून: आई, एकदम मान वळवू नका हं. आधी कॉफी येऊ दे. तो काउंटरवरचा माणूस आपल्याकडेच बघतोय.

सासूबाई: बघू दे की. मी भिंतीकडे बघतेय, त्याच्या गल्ल्याकडे नाही.

सून: त्याच आहेत ना पण? मी परवा ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर इथे आले, या खुर्चीत बसले, सहज वर बघितलं. म्हटलं, ती हिरव्या पट्ट्याची रॅकेट तर मी पुसलेली आहे! तुम्ही मला जवसाचं तेल चोळायला बसवलं होतंत बघा, माझी नखं पिवळी झाली होती.

सासूबाई: त्याच आहेत.

सून: सगळ्या?

सासूबाई: सगळ्या. पंख्यासारख्या मांडल्यात. मधे घड्याळ लावलंय. तेही दहा मिनिटं मागे आहे.

सून: रागावलात?

सासूबाई: अजून ठरलं नाही.

सून: मला काल सांगतानाच धाकधूक होत होती. म्हटलं, सांगितलं तर घरात महाभारत, नाही सांगितलं तर मला झोप नाही. तुम्ही हाताचं प्लास्टर निघेपर्यंत ताईंकडे राहिलात, परत आलात, रॅकेट्सचं कपाट उघडलंत, बंद केलंत, आणि तेव्हापासून स्वतःच्या मुलाशी बोलायचं म्हणजे ‘पान वाढलंय’ आणि ‘दार लाव’. तिसरा शब्द नाही.

सासूबाई: विचारलं होतं मी, कुठे गेल्या म्हणून. तर म्हणे, ‘चांगल्या ठिकाणी दिल्यात, आई.’ मला वाटलं, कुठल्या तरी शाळेला दिल्या असतील. मुलं खेळत असतील, म्हणून गप्प बसले.

सून: मलाही एवढंच सांगितलं त्याने. आई, आला तो माणूस. मी बोलू का?

सासूबाई: थांब. आधी तो काय बोलतो ते ऐकू.

मालक: ही घ्या कॉफी. काकू, भिंत आवडलेली दिसतेय! सगळ्यांनाच आवडते. इथे उभं राहून फोटो काढतात लोक. आपली थीमच ती आहे, व्हिंटेज.

सासूबाई: छान. कुठून आणल्या?

मालक: बाहेरून मागवल्या हो, परदेशातून. ही मधली आहे ना, ती तर एका चॅम्पियनची. फायनल जिंकलाय तो हिच्यावर.

सासूबाई: कोण चॅम्पियन?

मालक: नाव आता पटकन… जुना आहे तो. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळातला.

सासूबाई: मुठीला काळी पट्टी गुंडाळलीय, तीच ना?

मालक: तीच! चॅम्पियनचा हात लागलाय, म्हणून मुद्दाम तशीच ठेवली. त्याचा एक फील येतो.

सासूबाई: सायकलच्या दुकानातली पट्टी आहे ती. चामडं फाटलं होतं, म्हणून मी गुंडाळली. शेवटच्या वेढ्याला कात्री सापडेना, तर दाताने तोडलीय. टोक बघा, वेडंवाकडं असेल.

सून: दादा, या माझ्या सासूबाई. तुम्हाला या रॅकेट्स ज्याने दिल्या ना, तो माझा नवरा.

मालक: अरे देवा.

सून: बसा ना. उभे राहू नका, लोक बघतायत.

मालक: काकू, माफ करा हं. ते चॅम्पियनचं गिऱ्हाइकांना सांगायला असतं, चालतं तसं. पण मी स्वतःहून नाही मागितल्या हो. मी त्याच्या ऑफिसात फर्निचरचं काम करायचो, तिथली ओळख. त्याला म्हटलं कॅफे काढतोय, भिंतीला काहीतरी जुनं हवंय. तर तो म्हणाला, आमच्याकडे रॅकेट्स आहेत, घेऊन जा. घरात आता खेळणारं कोणी उरलं नाही.

सून: असं म्हणाला?

मालक: म्हणजे, तसंच काहीतरी. मला वाटलं…

सासूबाई: तुम्हाला वाटलं, म्हातारी गेली.

मालक: तसं नाही हो काकू.

सासूबाई: मग कसं? ‘उरलं नाही’ म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार. तुमची चूक नाही. कॉफी चांगली झालीय.

मालक: तुम्ही टेनिस खेळता? या लाकडी रॅकेटने?

सासूबाई: शाळेत खेळाच्या बाई होते मी. शाळेने धातूच्या नव्या घेतल्या आणि या बागेच्या कुंपणाला ठोकायला काढल्या. माळ्याच्या हातातून घेऊन आले. नंतर सवयच लागली. भंगारवाला दिसला की थांबायचं, कोणी घर बदलतंय कळलं की माळ्यावर काय आहे विचारायचं. ही उजवीकडची बारीक मानेची एका दातांच्या डॉक्टरांनी दिली. दाढ काढून घ्यायला गेले होते, आणि कपाटावर ही दिसली. तोंडात कापूस, बोलता येईना, नुसतं बोट दाखवत बसले. त्यांना वाटलं, तिकडची दाढ दुखतेय.

मालक: पण काकू, आता किती हलक्या रॅकेट्स मिळतात. हाताला त्रास कमी, फटका जोरात.

सासूबाई: जोर कोणाला हवाय? आमच्या कोर्टावर कोण येतं माहितीये? एकीचा गुडघा बदललाय. एकाला डाव्या डोळ्याने अंधुक दिसतं. हलक्या रॅकेटने मारलं की चेंडू गोळीसारखा येतो, नमस्कार करायच्या आत मागे गेलेला असतो. लाकडाने मारला की जरा विचार करत येतो. पोहोचता येतं. पोहोचता आलं म्हणजे खेळ होतो, नाहीतर नुसते चेंडू वेचायचे.

मालक: हे कधी डोक्यातच आलं नाही.

सासूबाई: ती मधली जरा खाली काढा. हातात घेऊन बघते.

मालक: काढतो, पण… स्क्रू आहेत काकू.

सासूबाई: स्क्रू कुठे? तारांतून अडकवल्यात ना?

मालक: बाकीच्या तारांतूनच आहेत. दोन-चार हलत होत्या, म्हणून सुताराने… थांबा, शिडी आणि पेचकस घेऊन येतो.

सून: आई, तो येईपर्यंत एक सांगू? मी त्याची बाजू घेत नाहीये हं.

सासूबाई: घे की. नवरा आहे तुझा.

सून: तुम्ही पडलात ना त्या दिवशी, कोर्टाच्या वॉचमनने फोन केला होता याला. ‘बाई पडल्यात, उठत नाहीयेत,’ एवढं बोलला आणि त्याचा फोन बंद पडला. परत लागेच ना. हा ऑफिसातून हॉस्पिटलपर्यंत तेवढंच वाक्य घेऊन आला. खाली गाडी लावली आणि आत बसून राहिला. मी म्हटलं चल, तर म्हणे तू बघून ये, माझ्याने नाही होणार. मी वर आले, तर तुम्ही त्या नर्सबाईंना झोळी कशी बांधायची ते शिकवत होतात.

सासूबाई: चुकीची बांधत होती. कोपर लोंबत होतं.

सून: मी खाली जाऊन सांगितलं, मनगटच मोडलंय फक्त, तेव्हा उतरला गाडीतून.

सासूबाई: मला म्हणाला, पार्किंगला जागा मिळेना.

सून: पार्किंग रिकामं होतं, आई.

सासूबाई: आणि हे तू मला आज सांगतेस?

सून: त्याने मला शपथ घातली होती, आईला सांगायचं नाही म्हणून. मोडली आज. बघू काय होतं ते.

मालक: ही घ्या काकू. जपून हं, भिंतीची धूळ आहे.

सासूबाई: हं. चष्मा कुठेय माझा?

सून: डोक्यावर आहे.

सासूबाई: भोक मानेतच पाडलंय.

मालक: सुतार म्हणाला, इथे लाकूड जाड आहे, पकड चांगली येईल.

सासूबाई: जाड असायचं कारण आहे ना. सगळा मार इथेच येतो. आता चेंडू मारला की इथून उभी चीर जाईल.

सून: काही भरून नाही का होणार? भोकं बुजवतात ती लांबी वगैरे?

सासूबाई: दिसायला होईल. खेळायला नाही.

मालक: काकू, मी सगळ्या काढून देतो. आत्ता देतो. मला खरंच माहीत असतं तर… मी त्याला मेसेज टाकलाय. शिडी आणायला गेलो तेव्हाच टाकला, तुम्ही इथे आलाय म्हणून. राहवलं नाही.

सून: झालं. आलाच बघा फोन. हॅलो… हो, मीच आणलं त्यांना… हो, मोडली शपथ… नाही, अजून ओरडल्या नाहीत… कॉफी पितायत… ते मला नको सांगूस, त्यांना सांग. आई, घ्या.

सासूबाई: बोल… हो, बघितल्या… हो, तीसुद्धा. हातातच आहे… मी ओरडत नाहीये, नोकरी संपली माझी. तू ऐक आधी. पार्किंगचं कळलं मला. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी. तिला बोलू नकोस, बरं केलं तिने… अरे, भीती वाटली तर तसं म्हणावं माणसाने. समोर बसायचं आणि म्हणायचं, आई, मला भीती वाटते. मी काय हसले असते?… बरं, थोडी हसले असते. पण ऐकलं असतं. तू मी नसताना कपाट रिकामं केलंस… चांगल्यासाठीच केलंस, माहितीये मला. पण कदाचित मीच म्हणाले असते, बास झालं आता. किल्ली फिरवताना अजून कळ येते मनगटातून, तुला सांगितलं नाही मी ते. बघ, मीही लपवलंच. पण ते म्हणायला मला माझं कपाट भरलेलं हवं होतं. रिकाम्या कपाटासमोर उभं राहून माणूस काय ठरवणार?… हं… हं… तू ऑफिसात आहेस ना? मग आधी जिन्यात जा. सगळ्यांसमोर रडू नकोस, उगाच चौकशा करतील… हो. घरी आल्यावर बोलू. जेवणार आहेस ना? मग झालं. ठेव.

सून: आई, टिश्यू हवाय?

सासूबाई: मला नको. तूच पूस, काजळ पसरलंय.

मालक: काकू, मी खोका आणू? मशीनचा मोठा खोका आहे आत.

सासूबाई: आणा. पण सगळ्या नको. भोकं पाडलेल्या राहू देत तुमच्याकडे. त्यांना आता भिंतच बरी. फक्त कॉफीच्या मशीनपासून लांब लावा. वाफेने लाकूड फुगतं आणि पीळ बसतो, मग त्या भिंतीलासुद्धा नीट टेकणार नाहीत.

सून: ही मधलीपण ठेवणार? आई, ही तर तुमची खेळायची.

सासूबाई: होती. घरी नेली तर रोज ते भोक बघत बसेन. नको.

मालक: आणि कोणी विचारलं, कोणाची म्हणून?

सासूबाई: सांगा, एका खेळाच्या बाईंची. खेळतात अजून.

मालक: चालेल. तसंच सांगतो.

सून: आई, पण खरंच खेळणार?

सासूबाई: बघायला तर हवं. उद्या सुट्टी आहे ना तुला? पायात बूट घाल, त्या सपाता नकोत.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, कोर्टावर. दोघीच.)

सून: आई, ही केवढी जड आहे! हिने माणूस आडवा होईल.

सासूबाई: चेंडू मारायचाय, माणूस नाही. मूठ खाली धर. एवढी आवळू नकोस, बाजाराची पिशवी नाहीये ती.

सून: अशी?

सासूबाई: अशी. तुझ्या नवऱ्याला काय सांगून आलीस?

सून: सांगायचं काय, तो जागाच होता. ‘मीपण येऊ का,’ म्हणाला. मी म्हटलं, आईंना विचार.

सासूबाई: मला विचारलं त्याने. मीच नको म्हटलं. तो बाकावर बसून माझ्या पायांकडे बघत राहिला की मी नक्की पडणार. पुढच्या आठवड्यात ये म्हटलंय. तोवर मला माझं काय होतंय ते बघू दे. चल, टाक एक. हाताने टाक, हळू.

सून: आला हं… अरेरे. लागलं का कुठे?

सासूबाई: नाही. टाक.

सून: हा घ्या… आई, थांबायचं का?

सासूबाई: दुखत नाहीये. पकडच सुटते. चेंडू आदळला की मूठ हातात फिरते.

सून: डॉक्टर म्हणाले होते ना, वेळ लागेल म्हणून.

सासूबाई: त्यांनी सांगितलेला वेळ होऊन गेला. परवा विचारलं मी त्यांना. म्हणाले, एवढंच राहील बहुतेक.

सून: आणि हे तुम्ही घरात कोणालाच…

सासूबाई: आता तुला सांगितलं ना. काल त्यालाही सांगितलं, जेवण झाल्यावर. मग उठून त्या रॅकेटी पुसत बसला, एकेक करून. तेल जास्त लावलंन, पण असो.

सून: मग आता काय करायचं?

सासूबाई: आता डावा हात.

सून: डाव्याने येतं तुम्हाला?

सासूबाई: कधीच नाही आलं.

सून: म्हणजे आपण दोघी सारख्याच!

सासूबाई: सारख्या कशा? चुकल्यावर मला कळतं काय चुकलं ते. तुला तेही कळत नाही.

सून: बरं बाई. टाकू?

सासूबाई: थांब, पाय बदलू दे. सगळंच उलटं आहे. हं, टाक.

सून: गेला मागे.

सासूबाई: दिसलं मला. टाक.

सून: हाही गेला. जवळून टाकू का जरा?

सासूबाई: तिथूनच टाक. लाड नकोत.

सून: घ्या… लागला! आई, लागला की!

सासूबाई: जाळीत गेला.

सून: पण लागला ना.

सासूबाई: हो. मधोमध लागला. टाक अजून एक.