काही नाही हो, चरबीची गाठ आहे

आजच्या या निवृत्ती समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम. व्यासपीठावर बसलेले शस्त्रक्रिया विभागाचे मोठे डॉक्टर. समोर बसलेले माझे सहकारी, माझ्या हाताखाली घडलेल्या आणि माझ्या तोंडाला घाबरलेल्या सगळ्या पोरी, दाराशी ताटकळत उभे असलेले वॉर्डबॉयदादा आणि माझ्या घरची माणसं, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

बसा आता, टाळ्या पुरे. तुमच्याकडे एवढा रिकामा वेळ असतो हे आधी कळलं असतं, तर प्रत्येकीकडून रोज दोन ड्रेसिंग जास्त करून घेतली असती.

मोठ्या डॉक्टरांनी आत्ता माझं मानपत्र वाचलं. त्यात 'हसतमुख' असा एक शब्द आला आणि मागच्या रांगेत कोपरखळ्या सुरू झाल्या. मला सगळं दिसतं हं. चष्मा उगीच लावलेला नाही.

एकतीस वर्षं मी नर्स म्हणून छोट्या शस्त्रक्रियांच्या खोलीबाहेरच्या त्या लांब बाकापाशी काढली. त्या बाकावर कोण येऊन बसतं? ज्याला आंघोळ करताना अंगावर कुठेतरी गाठ लागली आहे तो. तोंडचं पाणी पळालेलं असतं. आठ दिवस झोप नसते आणि बायकोला सांगितलेलं नसतं. निदान डॉक्टरांचं, ते मला मान्यच आहे. पण डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत दोन तास जातात. तेवढ्यात त्या माणसाने जीव मुठीत धरून बसायचं का? म्हणून मी हात लावून बघायचे. कातडीखाली मऊ लागतेय, बोटाखालून सुळकन सरकतेय, दुखत नाही, वर्षानुवर्षं तेवढीच आहे? चरबीची गाठ. कातडीलाच चिकटलेली आहे, वर बारीक काळा ठिपका आहे? ती तेलग्रंथीची, फक्त पिळत बसू नका, पिकेल. मनगटावर टणक टेंगूळ, कधी मोठं, कधी लहान? सांध्याजवळच्या पाण्याची पिशवी. घसा धरल्यावर जबड्याखाली आलेली दुखरी गाठ घसा बरा झाला की दोन-तीन आठवड्यांत बसते, नाही बसली तर परत यायचं. आणि वरच्या वर म्हणायचे, "काही नाही हो!" तेवढं ऐकून माणसाच्या जिवात जीव यायचा. त्यावरून माझं नावच पडलं, काही-नाही-बाई. पुढे पुढे बँकेच्या रांगेत लोक मान पुढे करायला लागले. एका बस कंडक्टरने तर तिकीट द्यायच्या आधी मनगट पुढे केलं. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू, फार गर्व होता.

आता मानपत्रातलं शेवटचं वाक्य. "यांच्या बोटांना गाठीने कधीही चकवले नाही." डॉक्टर, तुम्ही ते प्रेमाने लिहिलंत. पण ते खरं नाही, आणि ते तसंच घेऊन मला घरी जाता येणार नाही. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यातली थोडी मी घरच्या गोष्टीला खर्च करते, राग मानू नका.

माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी एका घरात तेवीस वर्षं राहिलो. भांडलो, अबोला धरला, पुन्हा एका ताटात जेवलो. सव्वादोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ड्यूटीवरून येऊन स्वयंपाकघरात पीठ मळत होते. ती आली, बाही वर केली आणि म्हणाली, "ताई, दंडाला बघा ना मागे. महिन्याभरात वाढलीय असं वाटतं."

मी काय केलं? माझे दोन्ही पंजे पिठात. उठून धुवायला हवे होते. नळ दोन पावलांवर होता. मी मनगटाची मागची बाजू तिच्या दंडाला टेकवली. दूध किती तापलंय ते मनगटाला कळतं हो, गाठ सरकते की नाही ते नाही कळत. या पोरींना मी रोज ओरडून सांगते, दोन बोटांनी बघा, दंड ताठ करायला सांगा, ताठ केल्यावर गाठ जागची हलेनाशी झाली तर ती खोल स्नायूत आहे, डॉक्टरांना दाखवा. आणि वाढतेय असं पेशंट म्हणाला तर पुढचं काही बघूच नका, आधी डॉक्टरांना दाखवा. हे सगळं मला पाठ होतं. मी म्हणाले, "काही नाही गं, चरबीची गाठ आहे. तुझ्यासारखीच, खाऊन-पिऊन सुखी."

ती हसली. बाही खाली केली आणि भाजी निवडायला बसली.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. का काढेल? इतकी वर्षं गाठी बघणारी बाई 'काही नाही' म्हणाली होती. मीही विचारलं नाही. सात महिन्यांनी दंडातून कळ यायला लागली तेव्हा गाठ मुठीएवढी झाली होती. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आणि तोवर ते छातीत पोचलं होतं. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "सात महिन्यांपूर्वी आला असतात तर एवढीच कापून काढली असती. तेव्हा कुणालाच दाखवली नाहीत?"

खोलीत घरचे आम्ही चौघं होतो. माझे दीर, त्यांची मुलगी, जाऊ आणि तिची फाईल धरून उभी असलेली मी. जावेने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "नाही हो, कुणालाच नाही. अंगावर काढलं."

मी गप्प बसले. अंगात पांढरा गणवेश होता, ओळखीची नर्स तिथे उभी होती, आणि मी गप्प बसले. त्यानंतर ती पाच महिने जगली. त्या पाच महिन्यांत मी तिला न्हाऊ घातलं, भरवलं, तिची कूस बदलली, आणि त्याबद्दल एकदाही बोलले नाही. एकदा मीच रडायला लागले तर म्हणाली, "ताई, तुमचं नाव मोठं आहे. बाकावरच्या बायका तुमच्या भरवशावर झोपतात. राहू द्या."

राहू दिलं मी. किती सोयीचं होतं ते!

पण त्याचं मोल भलत्याच माणसाने चुकवलं. तिची मुलगी आज इथे आहे, खिडकीजवळ, चौथ्या रांगेत. माझ्या कौतुकासाठी सुट्टी टाकून आली आहे. आईला जाऊन चौदा महिने झाले, तिने अजून आईचं कपाट उघडलेलं नाही. आईचा विषय निघाला की उठून जाते. मला म्हणाली होती, "काकू, घरात तू असताना तिने लपवून ठेवलं. तिला माझी काळजीच नव्हती. मी तिला माफ करणार नाही." आणि मी, तिची काकू, तिच्या पाठीवरून हात फिरवत होते!

अध्यक्ष मॅडम, माझा वेळ संपत आला आहे, मला दिसतंय. आभार मानते. या रुग्णालयाने मला भाकरी दिली, ओळख दिली, त्याचे उपकार फिटणार नाहीत. डॉक्टर, ते वाक्य खोडून द्या, बाकीचं मी आनंदाने नेईन. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने पोटात घालावं.

दुसऱ्या चुकीची, त्या गप्प राहण्याची, माफी मी या माईकवरून मागत नाही. ती चौथ्या रांगेतल्या पोरीकडे मागायची आहे, आणि ती द्यायची की नाही ते तिचं ती ठरवेल. मला फक्त एवढ्या माणसांच्या साक्षीने तिला सांगायचं होतं. बाळा, तुझ्या आईने काही लपवलं नाही. तिने वेळेवर दाखवलं होतं. मला दाखवलं होतं.