ओटीपी माझ्या नंबरवर येतो

— तसं नाही गं सोनम, दार आतनं पवीनंच लावलंय, मी नाही कोंडलं. सकाळपासून लॅपटॉप घेऊन बसलीय आत. तू बस की, उभी का? पहिलीपासून तुम्ही दोघी एका बाकावर बसलात म्हणून तुला घरात घेतलं, नाहीतर आज कुणालाच घेतलं नसतं. कॉफी घे. साखर स्वल्प कमी पडली असेल — पवित्राची आई गेल्यापासून मीच करतो सगळं.

हे? मोबाइल थरथरतोय होय, थरथरू दे. ओटीपी आहे. पवी आत बटण दाबते, आकडे इथं माझ्या हातात येतात — पालकाचा नंबर म्हणून सगळीकडं माझाच दिलाय ना. आकडे घातले की दिल्लीकडच्या त्या कॉलेजातली सीट पक्की. नाही घातले तर आज पाच वाजता गेली. बघ, परत आला. बघ म्हणजे लांबनं बघ — हात कशाला पुढं करतेस?

तुमच्या शाळेतल्या त्या मॅडमनीच सांगितलं ना, तीन तऱ्हेची कॉलेजं भरा म्हणून? एखादं सेफ्टी, हमखास मिळणारं. दोन-तीन मॅच, आपल्या मार्कांना साजेशी. आणि एक रीच — मिळालं तर नशीब. मी म्हटलं, सरी, ठीक आहे. सेफ्टी आपलं इथलंच, बनशंकरीतलं — चालत जाईल, दुपारी घरी जेवायला येईल. त्याच्या फॉर्मचा ओटीपी लगेच दिला. मॅचची कुठली? पुणं, म्हैसूर, कोइमतूर. तिथं तिला घेतलंच असतं गं, डोळे झाकून घेतलं असतं, म्हणून मग — म्हणजे, तेव्हा नेटवर्क नव्हतं. पवीला तसंच सांगितलंय मी, मेसेज आलाच नाही म्हणून. तूही आता उगाच — जाऊ दे. पण रीचचा, त्या दिल्लीकडच्या कॉलेजाचा, दिला की! हसत दिला. म्हटलं, अख्ख्या देशातली पोरं तिथं रांग लावतात, आपल्या पोरीला कोण विचारतंय? बापाचं मन मोठं आहे, एवढं तरी दिसेल तिला. आणि नेमका तिथंच लागला नंबर.

असं बघू नकोस माझ्याकडं. मी काय वैरी आहे तिचा? भीती वाटते मला. तिची आई दवाखान्यात जाताना म्हणाली होती, चार दिवसांत येते, कुकर नीट लावत जा. दारातनं गेलेलं माणूस परत येतंय, हा भरवसाच उडालाय माझा. पवी गेली की मी काय भिंतींशी बोलू? काल जेवताना हेच सांगितलं तिला — तू जाऊ नकोस, बाकी काय हवं ते माग. तर ताट सारलं बाजूला आणि म्हणाली, ‘अप्पा, मग मी आहे तरी कशाला?’ रागात बोलतात पोरं असं. बोलतात की नाही? तू दाराकडं काय बघतेस सारखं?

हा आणखी एक आला. जाऊ दे हाही. दाबेल, दमेल, थोडं रडेल, मग बाहेर येऊन जेवेल. भरली वांगी करून ठेवलीत तिच्यासाठी. माझी पोर मी ओळखत नाही होय? सोमवारी दोघं जाऊन इथली ॲडमिशन घेऊन येतो, झालं.

— थांबला मोबाइल. बघितलंस? दमेल म्हटलं होतं ना मी? संपला हट्ट.

पण पाच वाजायला वेळ आहे की अजून. मग आत्ताच का थांबली?

पवी? अगं, आलाय ओटीपी, हा बघ, माझ्याकडंच आहे. घे, सांगतो — आठ, शून्य, चार — लिहून घेतेस ना? पवी?

सोनम, तू हाक मार. माझ्यावर रागावलीय ती, तुला ओ देईल. मार की गं.