नारिंगी पाकिटातली शेव

अरे, आमच्या शेवेचं ऐकलं का तुम्ही? माही बायको सुनंदा सौंसरची, लय हट्टी. तिनं लाल तिखटाची शेव विकाले काढली अन् नारिंगी पाकिटं छापून आणली. म्हणे, "रंग पाहूनच माणसाले तिखट समजते."

दुसरीकडे समजत असंन. आपलं पांढुर्णं म्हणजे संत्र्याचं गाव! दुसऱ्याच दिवशी बाजारातले किराणावाले काका सगळी पाकिटं घेऊन दारात. "सूनबाई, लोकं भांडून राहिले. संत्र्याची समजून घेतली अन् तोंड पोळलं म्हणतात!"

मी म्हणलो, "जाऊ दे, लाल पाकिटं आणू."

"पाकीट कायले बदलाचं?" सुनंदा म्हणे. "सारं गाव चुकीचं नसते. शेवच चुकली."

तिनं संत्र्याच्या साली वाळवल्या, कुटल्या अन् तिखटासोबत बेसनात मिसळल्या. तोंडात टाकली का आधी संत्रं, मंग ठसका!

परवा इटारसीचा व्यापारी माल न्याले आला. म्हणे, "भाभीजी, आमच्याकडे नारिंगी म्हणजे नुसता तिखट मसाला समजतात, संत्रं नाही. रंग बदलून द्या."

सुनंदानं पाकीट फोडून त्याच्या हातावर शेव ठेवली.

"खा भाऊ. नारिंगीची चव काय असते, ते पांढुर्ण्यात ठरते."