पूर्वाची पाठ

भित्रा म्हणून तुम्ही मला हसता, तर हेही ऐका. आमची नात पूर्वा पुण्याच्या फुटबॉल क्लबात गेली आणि झोप माझी उडाली. ती स्ट्रायकर, पण गोलकडे पाठ करून उभी राहते. मागून धक्के खात चेंडू अडवते आणि सोबतिणी येईपर्यंत सोडत नाही. नवा क्लब मात्र नुसता पळणाऱ्यांचा. तिथे हिला ठेवतील का?

पहिल्या सामन्याआधी न राहवून मी प्रशिक्षक बाईंना म्हणालो, "मॅडम, आमची पूर्वा जरा पाठ दाखवते. सांभाळून घ्या."

"म्हणजे, घाबरून पळते?"

"नाही हो, जागची हलतच नाही."

पूर्वा पुटपुटली, "आजोबा, तुमची पीएचडी मराठीतलीच ना?"

सामन्यात समोरच्या संघातल्या दोघी तिच्या पाठीला लटकल्या, तरी तिने चेंडू राखला आणि धावत आलेल्या मैत्रिणीला अलगद दिला. गोल झाला. बाई माझ्याकडे वळल्या. "सर, पळणाऱ्या माझ्याकडे पुष्कळ होत्या. अशी पाठ नव्हती."

परत आमच्या सोलापुरात उतरलो, तर शेजारचे बिराजदार भेटले. "काय सर, नात काय करती तिकडं?"

म्हटलं, "पाठ दाखवते."

या वेळी शब्द मी मुद्दाम निवडला होता.