अस्तरातलं नाव

— हलू नका ना, पास्टर साहेब! टाचण्या लावून राहिली मी, टोचलं तर मलेच बोलसान. हात वर. अजून वर. हं. — जरी? पुन्हा जरी! अजी, रविवारी तुमची नेमणूक आहे का सदर बाजारातून वरात आहे? पांढरा चोगा, साधी कॉलर, बस. जरी अहरोनाले शोभे. त्या पहिल्या याजकाचे कपडे तर देवानंच सांगतले होते — खाली घेराले सोन्याचे घुंगरं, अन् छातीवर ऊरपट, त्यात बारा खडे, खड्या-खड्यावर एकेक नाव कोरलेलं, एकाच बापाच्या बारा लेकाईचं. हव, तुम्ही शिकून आले, तुमाले ठाऊक आहे. मी शिवणारी बाई, मले कपड्याचंच ध्यानात राहाते.

पण सांगा बरं, ते बारा भाऊ काही चांगले होते काय? नाई जी! त्यातल्या दहा जणाईनं आपल्याच भावाले विहिरीत टाकलं, विकलं, अन् बापाले त्याचा रक्तात बुडवलेला कपडा दाखवला. त्याईचे बी नावं खड्यावर! अन् हे नावं छातीवर घेऊनच याजकानं देवासमोर जायचं — त्यातलं एकही वगळायची सोय नाई. काहून सांगून राहिली? असंच. वळा तिकडं. हात वरच ठेवा.

तुमच्या आधीचे श्यामराव पास्टर — वीस वर्षं त्याईचे चोगे म्याच शिवले — त्याईनं चर्चच्या मंडळीच्या रजिस्टरातून एक नाव लाल पेनानं खोडलं. स्नेहल. माझी पोट्टी. ऑफिसातल्या पोट्ट्यासंग कोर्टात लग्न केलं, तो आपल्या मंडळीचा नाई, अन् मले सांगतलं बी नाई. सारे म्हणतात, श्यामराव लय कडक. मी बी तेच म्हणते, पाच वर्षं झाले म्हणून राहिली. — पण ते तर म्हणत होते, प्रेमलाबाई, राहू द्या, लेकरू आहे. कमेटीत विचारलं, नाव काढायचं काय? तर कोणाचाच हात वर होये ना. कोणी खाली पाहे, कोणी पंख्याकडं. मंग — अजी, हात खाली करा आता, किती वेळ वर धरता!

म्या केला. पयला हात माझा. लोकाईत नाक राहावं म्हणून. बाकीचे माझ्यामागून.

अन् आता रविवारी येऊन राहिली ते, नव्या रायपुरातून, कडेवर लेक घेऊन, आशीर्वाद मागाले. फोनवर पुसे, आई, माझं नाव आहे ना तिथं? आहे म्हटलं मी! बापा, तोंडातून निघूनच गेलं. आता तुम्हीच सांभाळा, एक ओळ तर लिहायची आहे. — काय? 'कमेटी से पूछना पड़ेगा'? मराठीत बोला न, तुमची आई अमरावतीची आहे. पुसा, पुसा कमेटीले. मी बी आहे कमेटीत. मलेच पयले पुसा.

छातीकडं हात काहून नेला? टोचलं? टाचणी नाई ते, दोऱ्याची गाठ आहे. आत अस्तराले, डाव्या बाजूनं, एक नाव टाकलं मी शिवून. बाहेरून दिसत नाई. — हे घ्या कैची. उसवायचं असन तर तुम्हीच उसवा. माझा हात एकदा उठला, आता उठत नाई.

— ठेवली खाली?

बरं. उतरवा चोगा. काजं बाकी आहेत. शनिवारी न्या.