गाडी तापेपर्यंत

सून: पट्टा लावा बाबा, नाहीतर ती टुणटुण करत बसेल.

सासरे: लावतोय. खाच सापडत नाही. हं, लागला. सीट पुढे घेतलीस?

सून: पाय पोचत नव्हते माझे.

सासरे: हो, घ्यायलाच हवी. त्याचे पाय म्हणजे बांबू. आणि तू हातभर.

सून: परत आलो की होती तिथे मागे करून ठेवते.

सासरे: खूण केलीस का? कुठवर होती त्याची?

सून: अगदी शेवटपर्यंत होती. खूण कशाला लागते त्याला. थांबा, गॅरेजवाल्याला एकदा फोन लावते. तो म्हणाला होता, निघताना सांगा.

सासरे: फोन लावून गाडी चालवू नकोस.

सून: गाडीतच वाजतो बाबा, स्पीकरवर. हात लावावा लागत नाही.

गॅरेजवाला: हॅलो, बोला मॅडम. निघालात?

सून: निघालो. मोठ्या रस्त्याला लागतोच आहोत.

गॅरेजवाला: झकास. आता एक ध्यानात ठेवा. चौथ्या गिअरमध्ये टाका, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा दोनच्या खाली येऊ देऊ नका. अर्धा-पाऊण तास सलग. मधे कुठे चहाबिहाला थांबायचं नाही, थांबलात की केलेलं सगळं पाण्यात.

सासरे: पण नेमकं होणार काय आहे, ते तरी सांगा.

गॅरेजवाला: कोण, काका का? काका, हल्लीच्या डिझेल गाडीत धुराच्या वाटेवर एक जाळी असते. धुरातली काजळी तिथे अडकते. गाडी लांब पळाली, चांगली तापली, की ती काजळी आतल्या आत जळून जाते. नाही पळाली तर साठत राहते. तुमची गच्च भरत आलीय, म्हणून तो पिवळा दिवा.

सासरे: आमच्या कारखान्यातल्या जनरेटरला असलं काही नव्हतं. वर नळी, नळीतून काळाकुट्ट धूर, आणि आपण मोकळे.

गॅरेजवाला: ते दिवस गेले काका. आता धूर बाहेर सोडायची सोय नाही. मॅडम, मला एक कोडं पडलंय. काल तपासताना बघितलं, गाडी फिरलेली दिसत नाही, डिझेल मात्र संपलंय. उभ्या जागी कोणी चालू ठेवतं का?

सून: मी ठेवते. सकाळी थोडा वेळ. बॅटरी उतरू नये म्हणून.

गॅरेजवाला: तेच तर. ते पहिलं बंद करा. उभ्या उभ्या डिझेल गाडी तापत नाही, नुसती काजळी धरते. तुम्हाला वाटतं काळजी घेतोय, आणि आत तिचा जीव कोंडतोय. साहेबांना सांगा की, पूर्वीसारखं लांब न्यायला. टूरवर आहेत का? बऱ्याच दिवसांत आले नाहीत इकडे.

सून: साहेब नाहीत आता. गेले.

गॅरेजवाला: गेले म्हणजे?

सून: वारले. थंडीत. ऑफिसच्या जिन्यात हार्ट अटॅक आला.

गॅरेजवाला: काय सांगता. माझ्यापेक्षा लहान होते हो. मला काही कल्पनाच नाही.

सून: नाही, असू दे. किती वेळ म्हणालात, पाऊण तास?

गॅरेजवाला: हो. पाऊण तास. आणि नंतर बंद केलीत की पंखा बराच वेळ घरघरेल, जळका वास येईल. घाबरू नका. आणि मॅडम, इथून पुढे आठवड्यातून एकदा तरी लांब न्या तिला. जमणार नसेल तर विकून टाका, एखादी लहान पेट्रोलची घ्या. गिऱ्हाईक मी बघून देतो.

सून: बघते. ठेवते.

सासरे: भला माणूस आहे.

सून: हो.

सासरे: पुढे ट्रक आहे.

सून: दिसतोय बाबा. तुमच्या डोळ्यांचा नंबर मीच काढलाय, तुम्हाला दिसण्याआधी मला दिसतो.

सासरे: मी ठेवते, असं का सांगितलंस त्याला?

सून: काय फरक पडतो?

सासरे: गाडी मी चालू ठेवतो. तुला कधीपासून माहीत आहे?

सून: स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार्किंग दिसतं. तुम्ही खाली गेलात की मी दूध तापत ठेवते, वर येईपर्यंत चहा होतो. तुम्हाला काय वाटलं, तुम्ही आलात की चहा आपोआप उतू जायला येतो?

सासरे: म्हटलं, तुझी वेळ आणि माझी वेळ जुळलीय. तूही ऐकलंयस ना गं त्याला, टूरवर निघताना? बाबा, रोज जरा गाडी चालू करत जा. दर वेळी सांगायचा. तेवढंच काम सांगून ठेवलं होतं त्याने मला.

सून: तो म्हणायचा चालू करा आणि एक चक्कर मारून या.

सासरे: चक्कर कोण मारणार. मला चालवायला तूच बंदी केलीस. आणि मला काय ठाऊक हे नवं इंजिन असं नाजूक. जनरेटर आम्ही असाच रोज चालवायचो. चाललेलं इंजिन चांगलं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. तो पिवळा दिवा दिसत होता मला. मला वाटलं, दार नीट लागत नाहीये.

सून: म्हणून आपटत होतात रोज?

सासरे: ऐकू यायचं?

सून: खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं मला, रोज सकाळी एवढं भांडतं कोण.

सासरे: मग काय सांगितलंस?

सून: म्हटलं, सासरे आहेत, दाराशी भांडतात.

सासरे: तुला माहीत होतं, उभी चालू ठेवायची नसते?

सून: दिवा लागला तेव्हाच वाचलं होतं, गाडीच्या पुस्तकात.

सासरे: आणि बोलली नाहीस.

सून: तुम्हाला ताप होता त्या दिवशी तुम्ही खाली गेला नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होतात. मी तीनदा हाक मारली. म्हटलं, गाडीचं होईल ते होईल.

सासरे: असं.

सून: काय करता हो तिथे बसून?

सासरे: काही नाही. त्याच्या सीटवर बसतो. माझेही पाय पोचत नाहीत पेडलला, लोंबकळत बसतो. किल्ली फिरवतो. आवाज ऐकतो.

सून: त्याच्याशी बोलता?

सासरे: छे. काय बोलायचं. खरं सांगू? पहिल्या दिवशी रडायला म्हणून गेलो होतो. घरात तुझ्यासमोर नको, तुला आणखी त्रास. म्हटलं, काचा वर करू, इंजिनच्या आवाजात कुणाला कळणार नाही. बसलो. रडू आलंच नाही. म्हटलं, उद्या येईल. म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो.

सून: मग?

सासरे: मग बॅटरीचं काम होऊन बसलं ते.

सून: मला तर तेवढंही करावंसं वाटलं नाही. मला काही वाटतच नाही बाबा. लोक म्हणतात, धीराची आहे. कसला धीर. दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवते, विचारते, हे स्पष्ट दिसतं की हे? मला कुणी विचारलं तर दोन्ही सारखीच आहेत. सकाळ आणि दुपार सारखीच. त्याचा शर्ट आणि माझी ओढणी एकाच दोरीवर दिसायची, आता नुसती ओढणी दिसते, तरी काही होत नाही.

सासरे: काटा खाली येतोय.

सून: हं. वाढवते.

सासरे: सोमवारी उत्तर द्यायचंय ना तुझ्या मालकांना? परगावच्या त्या नव्या शाखेचं?

सून: द्यायचंय. नाही म्हणणार आहे.

सासरे: अख्खं चष्म्याचं दुकान तुझ्या हाती देतायत, आणि नाही?

सून: तुम्हाला एकटं टाकून कुठे जाऊ.

सासरे: आत्ता काय आपण दुकटे आहोत? तू तुझ्या खोलीत, मी माझ्या. मीठ संपलं, एवढंच बोलणं होतं परवा आपलं. त्याच्या आधी काय बोललो, मला आठवत नाही. तुला आठवतं?

सून: नाही.

सासरे: जावंसं वाटतं का तुला तिकडे? माझ्यावर ढकलू नकोस, तुझं सांग.

सून: वाटतं. तेवढी एकच गोष्ट वाटते. तिथे मला कुणी ओळखत नाही. जिना उतरताना कुणी हात धरून कशी आहेस विचारणार नाही. नुसतं दुकान उघडायचं आणि बंद करायचं. असं वाटतं आणि मग तुमचं तोंड समोर येतं, आणि स्वतःचीच लाज वाटते.

सासरे: लाज कसली त्यात. हा रस्ता तिकडेच जातो ना?

सून: हो. सरळ.

सासरे: असाच? मोकळा?

सून: असाच. शेवटी एक पूल आहे, तिथे जरा गर्दी असते.

सासरे: वेळ किती लागतो?

सून: दीड तास धरा.

सासरे: म्हणजे तापेल चांगली. जाताना तापेल, येताना तापेल. गाडी तू घेऊन जा. आणि दर शनिवारी येत जा.

सून: बाबा.

सासरे: गाडीसाठी म्हणतोय. गॅरेजवाल्याने सांगितलंय ना, आठवड्यातून एकदा.

सून: आणि सकाळी तुम्ही काय करणार? गाडी खाली नसेल.

सासरे: जाईन की खाली. पायांना सवय झालीय. रिकामी जागा बघीन आणि वर येईन. ते बघून येईलही रडू, काय सांगावं. गाडी असते तोवर असंच वाटतं की हा आत्ता किल्ली मागायला येईल.

सून: चहा कोण करणार?

सासरे: कारखान्यात पन्नास माणसांचा चहा करायचो मी रात्रपाळीला. तुझ्या त्या पांचट चहापेक्षा बरा होईल.

सून: पांचट? इतके दिवस निमूट पीत होतात.

सासरे: तू गाडीचं बोलली नाहीस, मी चहाचं बोललो नाही.

सून: बाबा, दिवा बघा जरा. मला वाटतं गेला.

सासरे: मला इथून काय दिसतंय. गेला का?

सून: गेलाय. कधी गेला कळलंच नाही.

सासरे: लगेच थांबू नकोस हां. थोडी आणखी पळव.

सून: पुढच्या वळणाला फिरवते.

सासरे: त्याच्या पुढच्या वळणाला फिरव.

(गाडी पार्किंगमध्ये उभी आहे. इंजिन बंद केलंय, पंखा अजून घरघरतोय.)

सासरे: वास येतोय जळका.

सून: तो म्हणाला होता, येईल. बसायचंय का तुम्हाला थोडा वेळ?

सासरे: नको. चल वर. सोमवारी हो सांगशील ना?

सून: सांगेन. थांबा, एवढी सीट मागे करते.

सासरे: राहू दे.

सून: शेवटपर्यंत होती, मला पक्कं आठवतंय.

सासरे: मलाही आठवतंय. राहू दे पुढेच. शनिवारी पाय पोचायला हवेत तुझे.