खिडकीतला डाग

नाही, ते वाक्य मी देणार नाही. 'अजरामर कलाकृती' असं तुमच्या पुस्तिकेत छापायचं असेल तर दुसरा म्हातारा गाठा, हवे तितके मिळतील — फुकटचा पास हातात पडला की लोक कशालाही अजरामर म्हणतात. तुम्ही लॅबमध्ये बसून त्या जुन्या रिळाची एकेक फ्रेम धुऊनपुसून काढलीत, डोळे फोडून घेतलेत, त्याचं कौतुक आहे — बसा, उठताय काय, चहा गार होईल — पण सिनेमा काय आहे हो तो? भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांची सावली पडली की झाली कला? नळीनं पाडलेला पाऊस, टोपी डोळ्यांवर ओढलेला विमा एजंट, आणि धूर तर इतका, की माणसाला धड खोकता येऊ नये, आणि हा एजंट नि नायिका त्यात प्रेम करतायत. सगळ्याच्या मुळाशी कोण, तर बाई. नवरा मेला — बाईनं मारला. एजंट बिघडला — बाईनं बिघडवला. समीक्षक लिहितात, तिच्या नजरेत बर्फ आहे. बर्फ कसला, दिव्यांच्या झोतात त्या नटीला समोरचं दिसत नव्हतं.

आणि सुरुवातीची ती पाटी — 'सत्य घटनेवर आधारित'. जन्मभर बातमीदारी केली मी, अशी पाटी दिसली की मला पुरावा लागतो. घटना काय? एक माणूस पिऊन घरी आला, जिन्यावरून पडला, मेला. कठडा कुजलेला होता. कोर्टानं तो कठडा मागवून घेतला, सुताराची साक्ष काढली, बाईला निर्दोष सोडलं. आणि पिक्चरमध्ये? बाई गुडघे टेकून कठड्याचे स्क्रू सैल करतेय, वर दिवा, खाली लांबलचक सावली, प्रेक्षक गार. अहो, त्या कठड्याला स्क्रूच नव्हते, लाकडी खुंट्या होत्या. किती वेळा हात टेकून चढलोय मी तो जिना, नुसता डुगडुगायचा, मी म्हणायचोसुद्धा, ताई, एकदा सुताराला बोलाव, नाहीतर कोणीतरी —

हो. ताई. सख्खी. आता निघालंच तोंडातून. नाही, लिहू नका, पेन ठेवा खाली.

कोर्टाचा निकाल वाचला किती जणांनी? सिनेमा सगळ्यांनी पाहिला. लागला त्या आठवड्यापासून दुकानदार सुटे पैसे तिच्या हातात देईना, फळीवर ठेवायचा. शेजारीण जिन्यात दिसली की पोरीला मागे ओढायची. हे एक वेळ मी समजू शकतो, लोक आहेत. पण एकदा ताईच मला म्हणाली, भाजी निवडता निवडता, अगदी सहज — मी बसले होते का रे तिथे गुडघ्यांवर? मला आता तसंच आठवतं. मी तावातावानं तिला कोर्टाचा निकाल वाचून दाखवायला लागलो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, ते खरं रे, पण दिसतं ते हे. शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली.

आणि तरी तो पिक्चर जिथे लागेल तिथे मी जातो. का, ते विचारा की. आमच्या धंद्यात एक रीत असते — घटना घडली की त्या घरी जायचं, गोड बोलून फोटो मागायचा, छापायचा, आणि परत द्यायचा नाही. ताईच्या वेळी आमच्याच पेपरचा माणूस आईकडे गेला, 'तुमच्या मुलानं पाठवलंय' म्हणाला, आणि आख्खा अल्बम घेऊन आला. मला कळेपर्यंत सगळं रद्दीत. ताईचा म्हणून एक फोटो राहिला नाही. पुढे पिक्चरवाले शूटिंगला आले ते तिच्याच रस्त्यावर, त्यांना खरं घर हवं होतं म्हणे. ताईनं दार लावून घेतलं, पण माणूसच ती — वरच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. नटी मोटारीतून उतरते, मान वर करते, तेव्हा मागे त्या खिडकीत एक पांढुरकं काहीतरी आहे. कोणाला माहीत नाही, दिग्दर्शकालाही नव्हतं. मान जराशी डावीकडे कललेली. ताई तशीच उभी राहायची. तिला खुनी ठरवणाऱ्या पिक्चरमध्येच तेवढी उरलीय ती.

म्हणून तर तुम्हाला या म्हटलं. म्हटलं, एवढी साफ केलेली प्रत, कदाचित नाकडोळेही दिसतील. लावा ना, आहे ना तुमच्या त्या लॅपटॉपवर? मोटार येते तिथून. हं. उतरली. आता मान — थांबवा. मागे घ्या. परत एकदा.

काळोख छान आलाय. खिडकी म्हणजे अगदी विहीर.

काय म्हणालात? बुरशीचा डाग. तुम्हीच काढलात. एकेका फ्रेममधून, हातानं. हो, त्रास झाला असणार, ती मध्येच हलली असेल — डाग कधी असा मान वळवतो का हो? नाही, नाही, तुमचा काय दोष, डाग काढणं हेच तुमचं काम.

न पुसलेली प्रत आहे ना अजून? आहे. पण ठरवणार तुमचे साहेब. मग साहेबांना सांगा — ताईचं नाव नाही काढायचं, पुन्हा तिच्यावर तिकिटं विकतील — म्हणावं, म्हाताऱ्यानं अट घातलीय. घ्या ते पेन. लिहा, अजरामर कलाकृती. पुढे प्रकाश, सावली, काय घालायचं ते तुम्हीच घाला. खाली सही करतो. इतकी वर्षं शिव्या घातल्यात मी या पिक्चरला, माझ्या सहीला वजन आहे. बदल्यात तेवढी खिडकी होती तशी घाण करून द्या.

नुसती मान नका डोलावू. साहेबांना विचारून फोन करा. निघा आता. आणि आधी तो लॅपटॉप मिटा, ती रिकामी खिडकी माझ्यासमोर नको.